कासवीची दृष्टी

देवळात शिरताना गाभाऱ्यासमोरच्या फरशीत कोरलेले दगडी कासव आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या पाठीला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि मग देवापुढे उभे राहायचे, ही रीत लहानपणीच अंगवळणी पडते. गीतेतल्या स्थितप्रज्ञाला कासवाचीच उपमा दिलेली आहे. ते जसे आपले अवयव आत ओढून घेते, तशी ज्ञानी मनुष्याने इंद्रिये विषयांपासून आवरून घ्यावीत, असा तिचा आशय. परंतु आपल्या संतांना कासवातले आणखी एक वैशिष्ट्य भावले. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, त्यांच्या तोंडात घास घालीत नाही. दूर राहून केवळ नजरेने ती त्यांना वाढविते, अशी जुनी समजूत होती. या समजुतीवरूनच ‘कूर्मदृष्टी’ हा शब्द आपल्या भाषेत आला आणि भक्तावर दुरून कृपा करणाऱ्या देवाला कासवीची उपमा मिळाली.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते दगडातल्या कासवाविषयी नव्हे, तर ओढ्यातल्या जिवंत कासवाविषयी. संतांच्या त्या उपमेत निसर्गाच्या दृष्टीने कितपत तथ्य आहे, हेही आपण ओघाने पाहू.

निमित्त घडले ते असे. मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या होत्या. हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये असलेल्या रायापुरात सकाळी फिरायला निघालो असता शेजारचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा हातात बादली घेऊन पळत आला.

“काका, हे बघा काय सापडलं! आमच्या विहिरीत सोडू का? आजी म्हणते, विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं.”

बादलीत वीतभर लांबीचे, काळपट पाठीचे एक कासव मान आणि पाय आत ओढून निमूट बसले होते.

“कुठे सापडले रे?” मी विचारले.

“रस्त्यावर. ओढ्याकडून वर चाललं होतं.”

“मग आजीला सांग, तासाभराने विचार करून उत्तर देतो,” असे म्हणून मी त्याला पायरीवर बसविले. त्या तासाभरात मी त्याला जे सांगितले, तेच थोडे नीट जुळवून आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम या मुलखाविषयी दोन शब्द. धारवाडचा माथा हा पाण्याची वाटणी करणारा माथा आहे. येथे पडलेल्या पावसाचा काही भाग पश्चिमेकडे वळतो. धारवाडच्या सोमेश्वराजवळ उगम पावणारी शाल्मला पुढे बेडती नदीला मिळते. बेडती यल्लापूरच्या अरण्यात मागोडच्या कड्यावरून उडी घेते आणि गंगावळी या नावाने अरबी समुद्रात जाते. दुसरा भाग पूर्वेकडे काळ्या रानात उतरतो. तिकडे बेण्णिहळ्ळ आणि तुप्परिहळ्ळ असे दोन ओढे आहेत. ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा, ‘बेण्णे’ म्हणजे लोणी आणि ‘तुप्प’ म्हणजे तूप. लोण्यातुपाची ही नावे धारण करणारे ओढे पावसाळ्यात मात्र काळ्या चिकणमातीचे लोट घेऊन धावतात, आणि बेण्णिहळ्ळाच्या पुराने नवलगुंदकडच्या शेतकऱ्याची झोप अनेकदा उडविली आहे. हे पाणी मलप्रभेला, मलप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते.

या ओढ्यांचे एक लक्षण ध्यानात ठेवावे. चार महिने ते भरून वाहतात, पुढचे काही महिने झुळझुळतात आणि चैत्र-वैशाखात त्यांची डबकी तेवढी उरतात. कधी तीही उरत नाहीत. अशा पाण्यात जो प्राणी जन्म काढतो, त्याला पाणी आणि कोरडी जमीन ही दोन्ही घरे सांभाळावी लागतात. आपले काळे कासव त्यांपैकीच एक.

शास्त्रज्ञ त्यास ‘मेलानोकेलिस ट्रायज्युगा’ म्हणतात. पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ काळे कासव. दुसऱ्यात ‘तीन’ आणि ‘जू’ असे दोन लॅटिन शब्द आहेत. श्वायगर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८१२ साली या जातीचे प्रथम वर्णन केले. पाठीवर डोक्यापासून शेपटीकडे जाणारे तीन उभे कंगोरे ही हिची खूण. मधला कंगोरा ठसठशीत, बाजूचे दोन जरा बसके. पाठीची ढाल तपकिरी ते काळी असते; पोटाकडील कवच गडद असून त्याच्या कडेला बहुधा पिवळी किनार असते. आपल्याकडील कासवांच्या करड्या डोक्यावर पिवळसर रेघांची जाळी दिसते. बोटांमध्ये पातळ पडदे असतात, म्हणून ते चांगले पोहते. परंतु पायांत बळही असते, म्हणून जमिनीवर चालतानाही त्याची फरपट होत नाही.

याच मुलखात याचे आणखी दोन पाणकासव भाऊबंद आहेत. एक मऊ पाठीचे, तळ्यांत व कालव्यांत राहणारे. त्याच्या पोटाच्या मागच्या बाजूस कातड्याच्या दोन झडपा असतात आणि मागचे पाय आत घेतल्यावर त्या दार लावल्यासारख्या मिटतात. दुसरे मोठ्या नद्यांचे, तेही मऊ पाठीचे, पण आकाराने फार मोठे. त्याची कथा पुढे येईल. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले चांदणी कासव या सर्वांहून निराळे. ते कोरड्या रानातले आहे, पोहणारे नव्हे. कळवळ्याने त्याला कोणी पाण्यात सोडले, तर ते बुडून मरते.

कासवाचे कवच म्हणजे त्याचे घर, असे आपण सहज बोलून जातो. परंतु घरातून मनुष्य बाहेर पडू शकतो. कासव कवचातून बाहेर पडू शकत नाही, कारण ते कवच म्हणजे त्याचे स्वतःचे हाड आहे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा रुंद व चपटे होऊन एकमेकांत सांधले गेले आणि त्यांची ढाल झाली. सुमारे पन्नास हाडे या रचनेत गुंतलेली असतात. त्यांवर आपल्या नखांच्या जातीच्या द्रव्याचे पत्रे बसविलेले असतात. काळ्या कासवाच्या पाठीवर मधल्या ओळीत पाच, तिच्या दोहो बाजूंस चार-चार आणि कडेने लहान पत्र्यांची माळ, अशी मांडणी दिसते. या बांधणीचा सर्वांत मोठा चमत्कार असा की, कासवाच्या खांद्याचे हाड बरगड्यांच्या आत गेलेले आहे. मनुष्य, बैल, चिमणी, बेडूक यांपैकी कोणाच्याही शरीरात असे आढळत नाही. बरगड्या जखडल्या गेल्यामुळे आपल्यासारखी छाती फुगवून श्वास घेणे कासवाला शक्य नाही. पोटातील स्नायू आतडी-काळीज मागेपुढे ढकलतात, आणि त्या हालचालीने फुप्फुसात हवा आत-बाहेर होते.

ही बांधणी फार जुनी आहे. चीनच्या दक्षिण भागात सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका कासवाचे अवशेष सापडले व २००८ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या तोंडात दात होते आणि पोटाकडील कवच पूर्ण झाले असले, तरी पाठीची ढाल व्हायची होती. आजच्या कासवांना दात नाहीत; पक्ष्याच्या चोचीसारख्या धारदार कडांनी ती अन्न तोडतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या लाव्हारसातून थिजला, तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे सह्याद्री उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून कासवांचे कूळ पृथ्वीवर नांदत आहे.

काळे कासव स्वभावाने भित्रे. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते एखाद्या खडकावर किंवा पाण्यात पडलेल्या ओंडक्यावर अंग शेकत बसते आणि पावलांचा आवाज येताच ‘डुबुक’ करून पाण्यात जाते. आपल्याला दिसतात ती पाण्यावरची वर्तुळे. हे ऊन खाणे म्हणजे आळस नव्हे. कासवाच्या रक्ताला स्वतःची ऊब नाही. उन्हाची ऊब मिळाल्याखेरीज त्याचे अन्न पचत नाही. दुपार ते आडोशाला काढते आणि संध्याकाळी, पुष्कळदा रात्रीही, चरायला निघते. पाणवनस्पती, काठचे गवत, पाण्यात पडलेली फळे, गोगलगायी, किडे, कोळंबी, मेलेले मासे, असे त्यास काहीही चालते. लहान पिले मांसाहाराकडे अधिक झुकलेली असतात. ओढ्यात मरून पडलेले जे काही कुजणार, ते खाऊन टाकणारा हा एक मुका सेवक आहे. विहिरीत कासव असले की पाणी स्वच्छ राहते, ही आजीबाईंची समजूत या निरीक्षणातूनच निघाली असावी.

उन्हाळ्यात ओढा आटू लागला, की या प्राण्यापुढे दोन वाटा असतात. एक, चालत जाऊन दुसरे पाणी गाठायचे. दुसरी, आहे तेथेच दडून पाऊस येईपर्यंत थांबायचे. डोहाच्या तळच्या चिखलात, काठावरच्या झाडाच्या मुळांशी किंवा पाचोळ्याखाली ते स्वस्थ पडून राहते. शरीराचे सर्व व्यवहार मंदावतात आणि अन्नावाचून दिवस निघतात.

येथे उत्तर अमेरिकेतल्या एका ओढेकरी कासवाची आठवण होते. संयुक्त संस्थानांचा ईशान्य भाग आणि कॅनडा यांच्या अरण्यांतील ओढ्यांत ते राहते. त्याची पाठ लाकडात कोरल्यासारखी दिसते, म्हणून तेथील लोक त्यास लाकडी कासव म्हणतात. ते मोठे चतुर. ओल्या जमिनीवर पुढचे पाय एकामागून एक आपटते. त्या हादऱ्याने गांडुळे वर येतात आणि ते त्यांना गिळते. हिवाळ्यात त्याचा ओढा बर्फाखाली जातो, तेव्हा ते तळाशी निपचित पडून वसंताची वाट पाहते. आपले कासव वैशाख चुकविते, ते पौष चुकविते. परंतु युक्ती एकच. दोघांनाही ओढा हवा आणि ओढ्याचा काठही हवा.

आता काठाची खरी गरज कशासाठी, ते पाहू. कासव आयुष्यभर पाण्यात राहिले तरी अंडे जमिनीतच घालते. पाण्यात बुडालेल्या अंड्यातील जीव गुदमरतो. म्हणून अंडी घालण्याची वेळ आली, की मादी पाणी सोडून काठ चढते. या प्रवासात ती सर्वांत असहाय असते, कारण पळण्याचा वेग तिच्यापाशी नाही आणि दडायला पाणी जवळ नाही. तरीही ती पहिल्या सापडलेल्या जागी थांबत नाही. येथे हुंगते, तेथे माती उकरून पाहते, सोडून देते, पुढे जाते. पुराचे पाणी पोहोचणार नाही इतकी उंच, पिलांना पुन्हा पाणी गाठता येईल इतकी जवळ, ऊन लागेल इतकी मोकळी आणि खणता येईल इतकी मऊ, अशी जागा तिला हवी असते. जागा पसंत पडल्यावर ती मागच्या पायांनी खळगा खणते. खणताना ती मागे वळून पाहत नाही. एक पाय माती काढतो, दुसरा बाजूला सारतो, आणि डोळ्यांनी न पाहता सुरईसारखा घाटदार खळगा तयार होतो. माती कठीण असल्यास अनेक जातींच्या माद्या मूत्राशयातील पाणी सोडून ती भिजवितात. काळ्या कासवाची मादी एका वेळी साधारण तीन ते आठ अंडी घालते. ती लांबट, कठीण कवचाची, सुमारे साडेचार सेंटिमीटर लांबीची असतात. मग ती खळगा बुजविते, माती दाबते आणि पाण्याकडे निघून जाते.

ती पुन्हा येत नाही. सुमारे दोन महिन्यांनी पिले नाकावरच्या बारीक टोकाने कवच फोडून बाहेर येतात, तेव्हा त्यांच्यापाशी आई नसते. त्यांनी आईला पाहिलेले नसते, आईने त्यांना पाहिलेले नसते. पाणी कोणीकडे, हे ती स्वतःच जाणतात आणि मुंगूस, घोरपड, कावळा, बगळा यांच्या तावडीतून जी सुटतील ती ओढ्यात पोहोचतात.

मग संतांची कूर्मदृष्टी खोटी का? पिलांकडे टक लावून पाहणारी कासवी निसर्गात नाही, हे खरे. तथापि मला वाटते, त्या उपमेच्या गाभ्यात एक सत्य दडलेले आहे. कासवी पिलांसाठी जे काही करते, ते सर्व त्यांच्या जन्माआधी करते, आणि ते म्हणजे जागेची निवड. कोणत्या उंचीवर, कोणत्या मातीत, किती उन्हात अंडी ठेवायची, हा तिचा निर्णय हेच तिचे वात्सल्य. त्या निर्णयाचा परिणाम केवळ पिले जगण्या-मरण्यापुरता नाही. अनेक जातींच्या कासवांत पिलू नर होणार की मादी, हेसुद्धा मातीच्या उष्णतेवर ठरते. ऊन थोडे अधिक लागले तर माद्या अधिक होतात, सावलीच्या गारव्यात नर अधिक होतात. आईने दूध पाजले नाही. पण तिने निवडलेल्या चार बोटे मातीने पिलाचे प्राक्तन लिहिले. दूर राहून दृष्टीने वाढविणे म्हणतात ते याहून वेगळे काय असणार?

आणि नेमके येथेच आपण मनुष्ये आडवी येतो. ओढ्याचे ‘सुशोभन’ करायचे ठरले, की प्रथम त्याच्या दोन्ही काठांना सिमेंटच्या उभ्या भिंती येतात. पाणी राहते, मासे राहतात, कासवही काही वर्षे दिसत राहते. पण त्या भिंतीवर चढून अंडी घालायला जाणारी कासवी जगात नाही. कोठे वाळू उपसली जाते आणि काठ ढासळतात. कोठे शहराचे सांडपाणी ओढ्यात सोडले जाते. कोठे काठाशी समांतर रस्ता होतो, आणि मृगाच्या सरींनंतर वर निघालेली मादी मोटारीखाली सापडते. १९६२ साली हुबळी-धारवाड या जोडशहरांची एकच महानगरपालिका झाली. तेव्हापासून दोहोंमधले माळ आणि मळे भरत आले आहेत. वाढत्या वस्तीला रस्ते हवेत, पूर आवरायला हवा, हे कोणी नाकारणार नाही. परंतु ओढ्याचा काठ म्हणजे मोकळी पडलेली जागा, ही आपली समजूत मात्र चुकीची आहे. तो काठ पूर्वीपासून कोणाचे तरी सूतिकागृह आहे.

येथे कोणी म्हणेल, चार कासवे गेली तर काय झाले? आणखी होतील. बेडकाविषयी हे म्हणणे एक वेळ चालेल, कासवाविषयी चालत नाही. याचे गणित सोपे आहे. समजा, एका कासवीने वीस वर्षे दरसाल दहा अंडी घातली. दोनशे अंडी झाली. कासवांची संख्या आहे तेवढी राहण्यास या दोनशेंपैकी केवळ दोन पिले मोठी झाली तरी पुरे, आणि निसर्गात साधारण तेवढीच होतात. बाकीची मुंगसाच्या, बगळ्याच्या वाट्याची. अर्थात, कासवाच्या संसाराचा सारा भार पिलांवर नसून, अनेक वर्षे जगून पुनःपुन्हा अंडी घालणाऱ्या वडीलधाऱ्या माद्यांवर असतो. अशी एक मादी रस्त्यावर मेली, तर तिची जागा भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात.

अमेरिकेत जस्टिन काँग्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगन राज्यातल्या एका राखीव क्षेत्रात गोड्या पाण्यातल्या कासवांवर वर्षानुवर्षे खुणा करून त्यांच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवली. तेथील एका मोठ्या कासवाविषयी १९९४ साली त्यांनी मांडलेला हिशेब असा की, मोठ्या झालेल्या कासवांपैकी नेहमीच्या मृत्यूंखेरीज दरसाल शेकडा दहा आणखी गेली, तर वीस वर्षांच्या आत त्यांची संख्या निम्मी होईल. शंभरांतली दहा म्हणजे आपल्या डोळ्यांना कोठे दिसतात? ओढा तसाच वाटतो. खडकावर एक-दोन कासवे ऊन खाताना दिसतातही. ती म्हातारी असतात आणि त्यांच्यामागे कोणी आलेले नसते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

हे भय कल्पनेतले नाही, याचा दाखला आपल्याच नद्यांत आहे. मघाशी ज्या मोठ्या मऊ कासवाचा उल्लेख केला, त्याचे नाव लीथचे कासव. मुंबई इलाख्यात काम करणारे डॉक्टर लीथ यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली ते नाव दिले, आणि ज्या नमुन्यावरून त्याची जगाला ओळख झाली, तो होता पुण्याचा. कृष्णा, गोदावरी, तुंगभद्रा, घटप्रभा अशा दक्षिणेच्या नद्यांत राहणारे हे कासव भारताच्या द्वीपकल्पाबाहेर कोठेही नाही. त्याची ढाल दोन फुटांपर्यंत वाढते. मांसासाठी आणि ढालीच्या मऊ कडेसाठी त्याची चोरटी शिकार झाली. ती कड वाळवून परदेशी पाठविली जाते. भारत सरकारने २०२२ साली जाहीर केलेल्या माहितीनुसार, गेल्या तीस वर्षांत या कासवांची संख्या शेकडा नव्वदने घटली. त्याच वर्षी पनामा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताने मांडलेल्या प्रस्तावावरून या कासवाच्या व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध घालण्यात आले. जागतिक यादीत ते आता अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत गणले जाते. पुण्याच्या नमुन्याने जे जगाला माहीत झाले, ते आज पुण्याच्या माणसाला पाहायला मिळणे दुर्घट झाले आहे. काळ्या कासवावर अद्याप ही पाळी आलेली नाही. म्हणूनच त्याच्याविषयी आज बोलण्यात अर्थ आहे.

आता त्या विहिरीकडे वळू. विहिरीत सोडलेले कासव पुष्कळ वर्षे जगते. लोक त्यास शुभ मानतात, कोणी पोळीचा तुकडा टाकतात, आणि ‘आमच्या आजोबांपासून आहे’ असे कौतुकाने सांगतात. या कौतुकात वाईट हेतू मुळीच नाही. परंतु विहिरीच्या उभ्या भिंती त्यास चढता येत नाहीत. मादी असेल, तर तिच्या पोटात अंडी तयार होतात आणि त्यांना माती मिळत नाही. ती पाण्यात पडतात व वाया जातात. नर असेल, तर त्यास जोडीदार नाही. जिवंत राहूनही ते कासव आपल्या कुळाच्या दृष्टीने मेलेलेच असते. आजोबांच्या काळापासून विहिरीत कासव असणे म्हणजे आजोबांच्या काळापासून एका ओढ्यात एक घराणे कमी असणे.

घरातल्या काचेच्या पेटीत भाग्यासाठी कासव ठेवण्याची हौसही अलीकडे बरीच वाढली आहे. आपल्या नद्या-ओढ्यांतली कासवे पकडणे, पाळणे, विकणे हा वन्य जीवांच्या रक्षणासाठी १९७२ साली झालेल्या कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून बाजारात बहुधा विदेशी कासव मिळते. डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेले, मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. नाण्याएवढे असताना ते गोजिरे दिसते. ताटलीएवढे झाल्यावर पेटी अपुरी पडते आणि मालक पुण्य समजून त्यास जवळच्या तळ्यात सोडून येतो. ते दणकट व खादाड असते. ऊन खाण्याची जागा आणि अन्न ही दोन्ही ते आपल्या कासवांपासून बळकावते आणि नवे रोगही आणू शकते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत त्याचे नाव आहे. अशा वेळी प्राणी पाण्यात सोडणे हे पुण्य नाही. ज्याने तो पाळला, त्याने तो शेवटपर्यंत सांभाळावा किंवा प्राणिसंग्रहालयाचा अथवा वनखात्याचा सल्ला घ्यावा.

आपणांपैकी प्रत्येकाला करता येण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत आणि त्या अवघड नाहीत. रस्त्यावर कासव दिसले, तर त्यास घरी आणू नये. दोन्ही हातांनी कवचाच्या कडा धरून अलगद उचलावे आणि ज्या दिशेने ते निघाले होते त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवावे. मागे फिरविले, तर ते पुन्हा रस्ता ओलांडायला येते. उचलल्यावर ते हातावर पाणी सोडील. घाबरून टाकून देऊ नये. ओढ्याकाठी शेत असेल, तर काठची एक पट्टी नांगरावाचून राखावी. गावच्या ओढ्याला भिंत बांधण्याची योजना आली, तर निदान काही ठिकाणी मातीचा उतार कायम ठेवा, एवढे पंचांना सांगावे. डोहात पडलेला ओंडका केवळ दृष्टीला खुपतो म्हणून काढून टाकू नये. कोणाची तरी ती सकाळची बैठक असते.

हे सारे ऐकून झाल्यावर आमच्या बालमित्राने बादलीत पाहिले. कासवाने एव्हाना मान थोडी बाहेर काढली होती. मी त्यास उचलून त्याच्या पोटाकडील कवच दाखविले. नराचे ते आत किंचित खोलगट असते आणि शेपटी लांब व जाड असते. हे सपाट होते, शेपटीही आखूड.

“म्हणजे ही आई आहे?” त्याने विचारले.

“आई आहे किंवा होणार असेल. ओढ्याकडून वर चालली होती असे तूच म्हणालास ना?”

तो काही बोलला नाही. आम्ही बादली घेऊन निघालो. जेथे ती सापडली होती ती जागा त्याने बरोबर दाखविली. रस्त्याच्या वरच्या अंगाला एका बांधाजवळ मोकळी, उन्हाची माती होती. तेथे आम्ही तिला ठेवले आणि दूर जाऊन बसलो. पुष्कळ वेळ ती हललीच नाही. मग एक पाय बाहेर आला, मग दुसरा, मग पिवळ्या रेघांचे ते डोके. तिने आमच्याकडे पाहिले की नाही, मी सांगू शकणार नाही. ती बांधाकडे चालू लागली, थोडी माती हुंगली, पुढे गेली आणि गवतात दिसेनाशी झाली.

“आजीला काय सांगू?” मुलाने रिकामी बादली हलवीत विचारले.

“सांग, कासवीला तिची जागा बघायची होती.”